त्रिनिदादी बेकरीत पहिल्यांदा जाताना: डबल्सपासून चायनीज चिकनपर्यंत

पाटीवर ‘बेकरी’ लिहिलेलं असतं, पण आत शिरल्यावर पावाच्या आधी नजरेत भरतो तो वाफाळता काउंटर. स्टीलच्या ट्रेंमध्ये एका टोकाला बोकडाची करी, मधे मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी), दुसऱ्या टोकाला फ्राइड राइस आणि चाऊमीन. काचेच्या कपाटात आलू पाय आणि करंट्स रोल, मागच्या फळीवर नारळाचा गोड पाव. आणि गल्ल्याशेजारी कागदाच्या पुड्या भराभर वळणारी एक बाई, जिच्यापुढे सगळ्यात लांब रांग.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन आणि क्वीन्स भागांत अशी त्रिनिदादी दुकानं बरीच आहेत. न्यू जर्सीतल्या एडिसन-जर्सी सिटीकडच्या मराठी मंडळींना ती ट्रेनने गाठता येतात. तरी आपली माणसं तिथे गेली की बहुतेकदा रोटी, आलू, चना ही ओळखीची नावं वाचून तेवढंच मागवतात आणि ‘आपल्यासारखं नाही’ म्हणत परततात. आपल्यासारखं नसणारच. आणि चायनीजचे ट्रे तर आपण बघतही नाही, कारण चायनीज खायला एवढ्या लांब कशाला यायचं? माझं उलट म्हणणं आहे. त्या काउंटरवर डबल्स, म्हणजे दोन मऊ तळलेल्या पुऱ्या आणि त्यांवर चणे, जितके त्रिनिदादचे, तितकंच ते चिकन आणि फ्राइड राइसही त्रिनिदादचं. पहिल्या खेपेला दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खायचं, म्हणजे दुकान कळतं. ते कसं, ते सांगतो.

हा काउंटर असा का

इतिहास थोडक्यात सांगायलाच हवा, नाहीतर करीशेजारी नूडल्स बघून कुणीतरी मेन्यूची खिचडी केली आहे असं वाटतं. त्रिनिदाद या कॅरिबियन बेटावर ब्रिटिशांचे उसाचे मळे होते. १८३० च्या दशकात गुलामी संपली आणि मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे झाले. ३० मे १८४५ ला ‘फतेल रझाक’ नावाचं जहाज कलकत्त्याहून गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर घेऊन पोचलं. १९१७ पर्यंत हा व्यवहार चालला आणि तेवढ्या काळात दीड लाखाच्या आसपास माणसं तिकडे गेली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची, काही मद्रासहून चढलेली. आपले लोक मुंबईहून मॉरिशसला गेले, त्रिनिदादला नाही. म्हणून काउंटरवर चोखा (भरीत), तरकारी, भाजी, तवा हे शब्द ऐकू येतात ते भोजपुरी वळणाने. मराठी चव शोधायला जाऊ नका.

चिनी माणसं त्याच्याही आधी आली होती. १८०६ मध्ये ‘फॉर्टिट्यूड’ जहाजातून सुमारे दोनशे चिनी आले, पण त्यातले फारसे टिकले नाहीत. खरी भरती झाली ती १८५३ ते १८६६ च्या दरम्यान, करारावरच्या मजुरांची. मुदत संपताच बहुतेकांनी मळा सोडला आणि किराणा दुकानं, लाँड्र्या, बेकऱ्या, खानावळी टाकल्या. गावाच्या कोपऱ्यावरचं उधारी देणारं ‘चायनीज शॉप’ ही त्रिनिदादमधली जुनी गोष्ट आहे. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा पहिले गव्हर्नर जनरल झालेले सर सॉलोमन होचॉय चिनी वंशाचेच होते. आफ्रिकन वंशाच्या लोकांचं अळूच्या पानांचं कलालू, पेलाऊ नावाचा मांस घातलेला भात, मासे आणि कंद यांचं जेवण तर तिथे होतंच. या सगळ्यांनी एकमेकांच्या दुकानांतून इतकी वर्षं खाल्लंय की आज राजधानी पोर्ट ऑफ स्पेनचा माणूस फ्राइड राइसवर तिखट ओततो तेव्हा आपण दुसऱ्या कुणाचं जेवतोय असं त्याच्या मनातही येत नाही.

कुठे जायचं आणि किती वाजता

न्यूयॉर्कमध्ये दोन पट्टे लक्षात ठेवा. पहिला ब्रुकलिनमधला नॉस्ट्रँड अ‍ॅव्हेन्यू आणि आसपासचा. पेन स्टेशनहून ए ट्रेनने नॉस्ट्रँड अ‍ॅव्हेन्यू स्टेशनवर उतरलात की फुल्टन स्ट्रीटवर ‘ए अँड ए बेक अँड डबल्स’ आहे. दुकान अगदी साधं, पण २०१९ मध्ये अमेरिकेतले मानाचे खाद्यपुरस्कार देणाऱ्या जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा ‘अमेरिकाज क्लासिक्स’ हा मान त्याला मिळाला. त्याच अ‍ॅव्हेन्यूवर दक्षिणेला, २ नंबरच्या ट्रेनच्या बाजूला, ‘अ‍ॅलन्स बेकरी’ आहे, १९६१ पासूनची. तिथली रांग करंट्स रोलसाठी असते.

दुसरा पट्टा क्वीन्समधल्या रिचमंड हिलचा. तीच ए ट्रेन, फक्त डब्यावर ‘ओझोन पार्क-लेफर्ट्स बुलेवार्ड’ लिहिलेलं आहे ना ते बघून चढा. ए ट्रेनला पुढे फाटे फुटतात आणि चुकीच्या गाडीत बसलात तर डबल्सऐवजी रॉकअवेचा समुद्र बघून याल. शेवटच्या स्टेशनवर उतरून लिबर्टी अ‍ॅव्हेन्यूने पूर्वेकडे पंधराएक मिनिटं चाललं की ‘सिंग्ज रोटी शॉप’ लागतं. तिथे डबल्स आणि त्रिनिदादी चायनीज एकाच छताखाली मिळतं, म्हणून या लेखातलं सगळं एकाच खेपेत करायचं असेल तर हे सोयीचं. जवळच ‘सिबिल्स’ आहे, पण ती गयानीज, म्हणजे गयाना या देशातल्या लोकांची, बेकरी. फरक पुढे सांगतो.

वेळेचं महत्त्व आपल्याकडच्या मिसळीइतकंच. डबल्स हा मुळात सकाळचा नाश्ता. काही ठिकाणी दिवसभर मिळतात, पण ‘बारा’, म्हणजे डबल्सची पुरी, चटचट तळला जात असतो आणि चना नुकता उतरलेला असतो ती वेळ सकाळची. भाजलेल्या वस्तूही सकाळीच ताज्या, आणि नाव असलेल्या बेकरीत त्या दुपारनंतर उरतीलच याचा भरवसा नाही. उलट वाफेच्या ट्रेंमधलं जेवण अकरा-साडेअकराशिवाय पूर्ण मांडलेलं नसतं. म्हणून शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला पोचा. आधी डबल्स खायचे, मग बेकरीचा माल बांधून घ्यायचा, तोवर चायनीजचे ट्रे भरायला लागतात.

दारातून आत गेल्यावर

पहिली गोष्ट, ‘गुड मॉर्निंग’ म्हणा. रांगेत पुढे जाऊन थेट ‘टू डबल्स’ म्हणणं कॅरिबियन माणसाला उद्धटपणा वाटतो. आधी अभिवादन, मग काम. संध्याकाळी उशिरा गेलात तर आत येतानाच ‘गुड नाइट’ ऐकू येईल. ते ‘या, नमस्कार’ अशा अर्थाने असतं, तुम्हाला घालवून देण्यासाठी नाही. काउंटरवरची बाई तुम्हाला डार्लिंग म्हणेल, तुमच्या सासूबाईंनाही डार्लिंग म्हणेल.

दुसरी गोष्ट, रांगा किती आहेत ते बघा. काही दुकानांत डबल्सची वेगळी, जेवणाची वेगळी असते. काही ठिकाणी नंबराचं कागदी टोकन घ्यावं लागतं. आपला नंबर येण्याआधी काय हवं ते ठरवून ठेवा. मागचा माणूस कामावर निघालेला असतो आणि तुमच्या ‘इसमें क्या है’ला त्याच्याकडे वेळ नसतो. चौकशी करायची ती रांगेत शेजाऱ्याकडे करा, तो आनंदाने सांगेल. बोलायला विषय हवा असेल तर १९७१ काढा. पोर्ट ऑफ स्पेनच्या ज्या कसोटीत वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं, त्यात मडगावच्या दिलीप सरदेसाईंचं शतक होतं आणि सुनील गावसकरांचं पदार्पण. पन्नाशीपुढच्या त्रिनिदादी माणसापुढे गावसकर हे नाव काढलंत की गप्पा थांबत नाहीत.

तिसरी गोष्ट, सुट्टे पैसे. बरीच लहान दुकानं रोखच घेतात. पाच-दहा डॉलरच्या नोटा खिशात असू द्या. बसायला चार खुर्च्या असल्या तर नशीब समजा.

चौथी गोष्ट तिखटाची, आणि ही पाठ करून जा. डबल्स मागताना विचारतात, ‘पेपर?’ म्हणजे काळी मिरी नव्हे, मिरचीचा सॉस. उत्तरं चार: ‘नो पेपर’, ‘स्लाइट’, ‘मीडियम’ आणि ‘प्लेंटी’. पहिल्यांदा ‘स्लाइट’ म्हणा. कोल्हापूर-नागपूरच्या मंडळींनाही हेच सांगतो. आपलं तिखट सुक्या लाल मिरचीचं, मसाल्यात मुरलेलं. इथला सॉस ताज्या स्कॉच बॉनेट मिरचीचा असतो, फळासारखा गोडसर वास येतो आणि मग थेट कानशिलं तापतात. २०१२ मध्ये न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीने जगातली सर्वांत तिखट म्हणून जाहीर केलेली मोरुगा स्कॉर्पियन ही मिरचीही त्रिनिदादचीच. ‘प्लेंटी’ म्हणणाऱ्याला काउंटरवरची बाई एकदा नीट बघून घेते.

डबल्स

मैदा, हळद, यीस्ट आणि जिऱ्याचं सैल पीठ, तेलाच्या हाताने तळव्याएवढं थापून काही सेकंदांत तळलेलं: हा बारा. असे दोन बारे, त्यावर पातळसर शिजवलेले काबुली चणे, वरून चटण्या. दोन बारे म्हणून डबल्स. एक प्लेट मागितली तरी ‘वन डबल्स’च म्हणतात. प्रिन्सेस टाउन गावात १९३६ च्या सुमाराला दीन कुटुंबाने हा प्रकार सुरू केला, असं तिथे सांगतात. आधी एकाच बाऱ्यावर चना मिळायचा, गिऱ्हाईक दुसरा बारा मागू लागलं आणि नाव पडलं.

बांधणाऱ्या बाईचा हात बघण्यासारखा असतो. डाव्या तळव्यावर मेणकागद, त्यावर दोन बारे एकमेकांवर अर्धे चढवून, मधोमध पळीभर चना. मग चमच्यांची एक फेरी: चिंचेची चटणी, काकडीचा कीस, शॅडो बेनीची हिरवी चटणी, असेल तर कुचेला, शेवटी तिखट. कागदाची दोन टोकं धरून पुडी हवेत गर्रकन फिरवली की झाली गाठ. या सगळ्याला दहा सेकंदही लागत नाहीत, आणि तेवढ्यात तिने पुढच्या गिऱ्हाइकाचं ‘स्लाइट’ ऐकलेलं असतं.

शॅडो बेनी म्हणजे लांब दातेरी पानांची एक वनस्पती. वास कोथिंबिरीचा, पण चौपट उग्र. कुचेला म्हणजे कैरीचा कीस वाळवून मोहरीच्या तेलात आणि मसाल्यात मुरवलेलं लोणचं. ते वेगळं मागावं लागत असेल तर मागाच.

आता खायचं कसं. कागद फाडू नका, पिळा सोडवून तळहातावर पसरा. कागद हीच तुमची बशी. वरच्या बाऱ्याचा तुकडा तोडून त्याने चना उचला, वरचा संपला की खालचा. बर्गरसारखे दोन्ही हातांनी उचलून चावायला गेलात तर चना मनगटावरून कोपरापर्यंत जाईल. किंचित पुढे वाकून उभं राहा, पांढरा शर्ट घालून जाऊ नका. आणि लगेच खा. पाच मिनिटांत बारा रस पितो, दहा मिनिटांत त्याचा लगदा होतो. म्हणून ट्रेनमध्ये नेऊन खाऊ, घरी सगळ्यांसाठी आठ नेऊ, हे मनातून काढून टाका. भूक कितीही असो, दोन-दोनच मागवा. संपले की परत रांगेत उभं राहायला कुणाची ना नाही.

छोले-भटुऱ्यांशी तुलना सगळेच करतात, पण चण्याचा मसाला तसा नाही. टोमॅटो नाही, गरम मसाल्याचा भडिमार नाही. सौम्य चना आणि वरच्या चटण्यांची आंबट-गोड-तिखट झटापट यातच गंमत आहे. म्हणून ‘विदाउट सॉस’ मागवू नका, त्यात काही उरत नाही.

काचेचं कपाट

गरम कपाट आणि थंड कपाट असे दोन भाग असतात. गरमात आलू पाय: अर्धचंद्राकार तळलेली, आत मसाल्याचा बटाटा. ती कापून आत चना आणि चटणी भरून मिळते, तशीच घ्या. फुलौरी म्हणजे पिवळ्या वाटाण्याच्या पिठाचे गोल भजे, चिंचेच्या किंवा कैरीच्या चटणीबरोबर. रांगेत उभ्या मुलांचं तोंड बंद ठेवायला याहून चांगलं काही नाही.

सहीना मात्र मराठी माणसाने चुकवू नये. डशीन म्हणून तिथे जे पान मिळतं ते अळूच. डाळीचं पीठ लावून पानांची गुंडाळी, मग काप, मग तेल. अळूवडीच झाली की! फक्त चिंच-गूळ आत नसतो, आंबट-गोड चटणी वरून येते. काही दुकानं गुंडाळीच्या भानगडीत न पडता पानं चिरून पिठात घालतात आणि चपटे वडे तळतात. तेही खा, पण गुंडाळीचा दिसला तर आधी तो.

थंड कपाटात राजा करंट्स रोल. पापुद्र्याच्या पातळ लाटलेल्या पिठावर बारीक काळे मनुके आणि साखर पसरून वळकटी, भाजून तिरके काप. चांगल्या रोलला कडेला साखर जळून किंचित करकरीत झालेली असते. तो मऊ आणि ओलसर लागला तर कालचा समजा. नारळाचा गोड पाव, म्हणजे स्वीट ब्रेड, दिसायला ठोकळा पण आत ओलं खोबरं आणि मनुके. तो अख्खाच विकत घ्या, आठवडाभर चहाला पुरतो. कसावा पोन म्हणजे साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याचा कीस, नारळ आणि साखर घालून भाजलेली चिकट, जड वडी. एक तुकडा तिघांत पुरे.

डिसेंबरात गेलात तर ब्लॅक केक विचारा. सुकामेवा कित्येक महिने रम आणि चेरी ब्रँडीत भिजवून वाटलेला असतो, रंग जाळलेल्या साखरेचा. घरात लहान मुलं आणि रम न घेणारी मंडळी असतील तर आधीच सांगा, कारण वास झाकायचा तिथे कुणी प्रयत्न करत नाही.

चायनीज बाजू

आता त्या ट्रेंकडे वळू. ‘चायनीज’ म्हटल्यावर डोक्यात येणारी सगळी चित्रं बाजूला ठेवा. मुंबईच्या गाडीवरचं मंचुरियन वेगळं आणि हे वेगळं. आपल्याकडे चायनीज आलं-लसूण-हिरवी मिरची आणि कॉर्नफ्लोरच्या रश्श्यात गेलं. त्रिनिदादमध्ये ते गेलं हिरव्या वाटणात.

हे हिरवं वाटण, तिथलं ‘ग्रीन सीझनिंग’, म्हणजे शॅडो बेनी, कांद्याची पात, थाइम, लसूण आणि पिमेंटो नावाची बिनतिखट वासाची मिरची. त्रिनिदादमधल्या घरांत मटण-मासा-कोंबडी काहीही असो, आधी लिंबाने धुवायचं आणि या वाटणात मुरवायचं. चिनी स्वयंपाक्यांनी त्यात आपला सोया सॉस, आलं आणि पाच मसाला मिसळला. त्यातून निघालं चायनीज फ्राइड चिकन, आणि माझ्या मते सगळ्या काउंटरवरची सगळ्यात चांगली वस्तू तीच. अमेरिकन फ्राइड चिकनसारखं पिठाचं जाड कवच त्याला नसतं. कातडी पातळ, लालसर-तपकिरी, तडतडीत, आणि मसाला हाडापर्यंत गेलेला. मागितल्यावर अख्खा तुकडा ठोकळ्यावर ठेवून जड सुऱ्याने हाडासकट खटाखट तोडतात आणि भातावर रचतात. हाडाच्या बारीक कपच्या असतात, लहान मुलांना देताना बघून द्या.

खाली भात घ्यायचा की नूडल्स, हा प्रश्न येईल. फ्राइड राइस गडद तपकिरी, सोयाचा. चाऊमीनमध्ये कोबी, गाजर, चवळीच्या शेंगा आणि क्रिस्टोफीन नावाची फिकट हिरवी फळभाजी. पहिल्यांदा अर्धा भात, अर्धे नूडल्स मागा, बहुतेक ठिकाणी देतात. मग काउंटरवरची लालसर-पिवळी बाटली दिसेल, मोहरीची चव असलेला पेपर सॉस. तो चिकनवर नव्हे, भातावर थेंब थेंब टाका आणि घासागणिक वाढवा. बिनतिखटाचं चायनीज त्रिनिदादी माणूस अपुरं समजतो, आणि इथे मी त्याच्याच बाजूने आहे. भात मुद्दाम सौम्य ठेवलेला असतो.

मासळी खाणाऱ्यांनी पेपर श्रिम्प दिसली तर सोडू नये. सालासकट कोळंबी, लसूण आणि मिरचीच्या गोडसर लाल मसाल्यात. साल चोखायचं, मग सोलायचं. डुकराचं मांस चालत असेल तर डशीन पोर्क विचारा. अळकुडीच्या कापांमध्ये रचून मऊ शिजवलेले चरबीदार तुकडे, मूळचा दक्षिण चीनचा प्रकार. तो सणावाराचा, रोज मिळत नाही.

आणि पाऊ. चायनीज वस्तूंमधली ही खऱ्या अर्थाने बेकरीची वस्तू. वाफवलेला पांढरा गोळा, आत गोडसर पोर्क, कुठे चिकनही. डिम समच्या हॉटेलात मिळतो त्यापेक्षा आकाराने मोठा, एकात नाश्ता होतो. खाली चिकटलेला कागद सोलून काढा. हसू नका, खाल्लेला पाहिलाय.

रोटी, घाईत

रोटीवर वेगळा लेख लागेल, म्हणून कामापुरतं. ‘रोटी’ म्हणून मागितलंत की करी आत भरून चौकोनी घडी घातलेलं जाडजूड पुडकं येतं. त्यासाठी डालपुरी वापरतात: पुरणपोळीसारखीच भरून लाटलेली, फक्त पुरण तिखटमिठाचं, पिवळ्या डाळीचं, जिरं-लसूण घातलेलं. ‘बस-अप-शट’ म्हणजे तव्यावरच उलथण्यांनी चुरगळलेला पराठा, भाजी शेजारी वेगळी. मटणाच्या रोटीत हाडं असतात, नको असतील तर ‘बोनलेस’ आहे का ते विचारा. चायनीज आणि रोटी एकाच जेवणात घेऊ नका, दोन्ही पोटभरीच्या वस्तू आहेत.

शाकाहारी मंडळींनी काय विचारायचं

डबल्स, आलू पाय, फुलौरी, सहीना, भोपळ्याची किंवा चना-आलूची रोटी, वांग्याचा चोखा: एवढं साधारणपणे बिनधोक. खरी अडचण इतर ठिकाणी लपलेली असते.

अक्रा दिसायला फुलौरीसारखी, पण त्यात खारवलेला मासा असतो. कलालू म्हणजे अळूची पानं आणि भेंडी नारळाच्या दुधात शिजवलेली. वर्णन ऐकून जीभ चाळवते, पण बरेचदा त्यात खेकडा किंवा खारवलेलं डुकराचं मांस असतं. भाजीच्या चाऊमीनमध्ये ऑयस्टर सॉस असू शकतो. पापुद्र्याच्या वस्तूंमध्ये लोणी, वनस्पती तूप की डुकराची चरबी, हे दुकानागणिक बदलतं. मॅकरोनी पायमध्ये अंडं असतं. गरम कपाटातली बीफ पाय आणि आलू पाय शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात, बोट दाखवून नव्हे, नाव घेऊन मागा. ‘व्हेजिटेरियन आहे का’ असं विचारलं तर मांसाचा तुकडा नाही एवढाच अर्थ घेतला जाऊ शकतो. म्हणून नेमकं विचारा: ‘यात मासा आहे का? चरबी कसली?’ तेल वेगळं आहे का हेही विचारता येतं, पण लहान दुकानात कढई एकच असते हे धरून चला.

मुस्लिम मालकांची हलाल दुकानं पुष्कळ आहेत. तिथे पोर्क नसतंच, त्यामुळे चरबीचाही प्रश्न बराच सुटतो.

प्यायला, आणि शेजारचे गयानीज

रोटीबरोबर लाल ‘सोलो’ ही तिथली ठरलेली जोडी, भडक लाल आणि भयंकर गोड. मला सॉरेल जास्त आवडतं. ही लाल अंबाडीची बोंडं, लवंग-दालचिनी घालून उकळलेली. आपण अंबाडीची भाजी करतो, ते सरबत करतात. मुख्यतः नाताळातलं, पण बाटली बाराही महिने मिळते. मॉबी हे झाडाच्या सालीचं पेय: पहिला घोट गोड, मागून काढ्यासारखा कडू. लहान ग्लास मागा. पीनट पंच मात्र जेवणासोबत नको, तेच एक जेवण आहे.

रिचमंड हिलमधली बरीच दुकानं त्रिनिदादची नसून गयानाची आहेत. लाल झेंड्यावर तिरका काळा-पांढरा पट्टा असेल तर त्रिनिदाद, हिरव्यावर पिवळा बाण असेल तर गयाना. गयानीज बेकरीत डबल्ससाठी हट्ट धरू नका. तिथे त्रिकोणी पाइन टार्ट, लाल खोबऱ्याची वळकटी म्हणजे सलारा, आणि ‘चायनीज केक’ घ्या. हा शेवटचा खास शोधण्यासारखा: पापुद्र्याच्या गोल वडीत चवळीचं गोड पुरण आणि वर लाल रंगाचा ठिपका. गयानाच्या चिनी बेकऱ्यांमधून आलेला प्रकार. चरबीचा प्रश्न इथेही विचारा.

चौघांची ऑर्डर आणि घरी न्यायचं सामान

चौघे असाल तर सुरुवातीला चार डबल्स स्लाइट, एक फुलौरीची पुडी, एक सहीना. हे दाराबाहेर उभ्याने संपवा. मग आत येऊन एक मोठा डबा चायनीज चिकन, अर्धा भात-अर्धे नूडल्स, चौघांत एकच. दोन पाऊ असतील तर दोन. शाकाहारी असाल तर चिकनच्या जागी भोपळा आणि चण्याची एक बस-अप-शट. ब्रुकलिनमध्ये असाल आणि हवा बरी असेल तर डबे घेऊन प्रॉस्पेक्ट पार्कला जा, नॉस्ट्रँडच्या दक्षिण भागातून चालत जाता येतं.

घरी न्यायला करंट्स रोल, एक स्वीट ब्रेड, पेपर सॉसची बाटली आणि कुचेला. बाटलीचं झाकण आधी घट्ट करून, दोन पिशव्यांत घालून मगच सॅकमध्ये ठेवा. रिकाम्या डालपुऱ्या सुट्या विकत मिळतात. मधे कागद घालून फ्रीझरमध्ये ठेवल्या तर कित्येक आठवडे टिकतात, खाताना ओल्या फडक्यात गुंडाळून तव्यावर गरम करायच्या. करंट्स रोल मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, चामट होतो. जाड तव्यावर मंद आचेवर, झाकण न ठेवता, दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं. उरलेलं चायनीज चिकनही तसंच, भात मात्र वेगळा काढून पाण्याचा हबका मारून.